नाव सांगा, काकडी न्या

काकडीच्या बदल्यात नाव घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता.

दुसरबीडच्या अलीकडे हायवेला लागून एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत माझी शोभा व्हायची आहे आणि त्या गावात माझे विद्यार्थी अजून राहतात. रस्त्याच्या कडेला त्यांचा, म्हणजे काकांचा, मळा होता. एकरभर नुसते मांडव. दोडकी, कारली, वाल, काकडी. मांडवाच्या तोंडाशी एक बाज टाकलेली, बाजेवर काकड्यांची पाटी, मीठ-तिखटाची वाटी आणि उशाला निळ्या पुठ्ठ्याची जाडजूड वही. ट्रक थांबला की काका उठून उभे राहायचे. ड्रायव्हर काकडी उचलून खिशात हात घालायचा, तर हे म्हणायचे, "पैसे रहने दो. तुम्हारे मुलुख में बेल पे से लडकी का नाम क्या रखते, वो बताओ."

ड्रायव्हर आधी काकडीकडे बघायचा, मग काकांकडे. चार-सहा जण येडा समजून निघून जायचे. पण सातवा बाजेवर बसायचा, काकडी कराकरा चावायचा, आणि दूरदेशीची आपली बहीण, मावशी, शेजारीण आठवून एक नाव सांगायचा. काका ते वहीत लिहायचे. नाव, भाषा, वेल कुठली, फूल कोणत्या रंगाचं, आणि सांगणारा कोण. असं करत तामिळी ड्रायव्हरांकडून पूंगोडी आणि मुल्लई आली. कलकत्त्याच्या बाजूचा एक क्लीनर ब्रतती देऊन गेला. अरबस्तानात मेस्त्रीकाम करून आलेल्या एका चाचांनी दालिया दिली, म्हणजे द्राक्षाची वेल. लोणारचं सरोवर पाहायला निघालेल्या एका गोऱ्या बाईची गाडी बंद पडली होती, तिनं तीन काकड्या खाऊन लियाना दिली.

पण दिलेलं नाव लगेच पक्कं व्हायचं नाही. एका नावाला दोन साक्षी लागत, त्याही एकमेकांना न ओळखणाऱ्या. का, तर एकदा एका ड्रायव्हरनं काकडीच्या लोभानं आपल्या सासूचंच नाव ठोकून दिलं होतं. पुढं त्याच मुलखाचा दुसरा ड्रायव्हर आला, तो ऐकून हसत सुटला. वेल कसली, म्हणाला, त्या शब्दाचा अर्थ दगड. काका ही गोष्ट सांगताना अभिमानानं म्हणायचे, "काकडी गेली, पन दगड वहीत गेला नाई." त्या लियानाला दुसरी साक्ष मिळायला तीन वर्षं लागली. गोऱ्या बाईची गाडी काही रोज बंद पडत नाही.

आजकाल माझी नात मोबाइलवर बोट फिरवते आणि जगातली नावं ढिगानं पुढ्यात पाडते. मी बघते आणि मनात म्हणते, यातल्या एका तरी नावाला साक्षीदार आहे का.

काकांकडे खोली घेतली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नवी नवी मास्तरीण. मिस्टर जालन्याला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी यायचे. मी अकोल्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, वर डी.एड. केलेलं. बी.एस्सी.ला किती टक्के पडले ते विचारू नका. मीही कुणाला विचारू देत नसे. साड्या मोजून सहा, पण तोरा साठ साड्यांचा. खेड्यात आपण दिवा लावायला आलो आहोत अशी माझी समजूत होती, आणि तो दिवा म्हणजे मी.

पहिल्याच आठवड्यात मी काकांना एका वेलीचं लॅटिन नाव ऐकवलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "बरं हाय. पन बाई, तिले पानी किती लागते?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ते प्रॅक्टिकलला नव्हतं.

"हाव," काका म्हणाले, जशी काही ती चूक विद्यापीठाची होती.

त्यांचं बोलणं असंच. चढा आवाज नाही, टोमणा नाही. उंच, वाळके, डोक्याला मळकट पांढरं उपरणं, कानाच्या मागे पेन्सिल. मळ्यात सुतळी कधी घट्ट बांधायचे नाहीत. मी एकदा एक वेल ओढून मांडवावर टाकायला गेले तर माझा हात धरला नाही, नुसते म्हणाले, "ओढू नाई बाई. काडी दाखवा. थे आपल्यानं येते." मग एक काडी त्या वेलीपासून वीतभर अंतरावर खोचून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वेलीचा कोवळा तंतू त्या काडीला दोन वेढे मारून बसलेला. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे चित्रासकट होतं. मी ते पाठ केलं होतं. पाहिलं तेव्हा पहिल्यांदा.

या नावांचं ते करत काय, तर पंचक्रोशीत मुलगी झाली आणि घरच्यांनी बोलावलं, की पाचवीच्या दिवशी जाऊन बसत. बाळाकडे कमी आणि घराकडे जास्त बघत. अंगण किती, ऊन कुठून येतं, दाराशी पाणी सांडतं का. मग वही उघडून नाव काढत. दिलेलं नाव पुन्हा दुसऱ्या कोणाला नाही, हा नियम. "एका वेलीले एक बूड," म्हणायचे. आणि नावाबरोबर त्या दारी एक रोप लावून यायचे; तीच वेल मिळाली तर तीच, नाहीतर तिची कुणी बहीण. एक पूंगोडी आज तिकडे पिठाची गिरणी चालवते. तिच्या हाताखाली दळण टाकणाऱ्या बायांना ते नाव मराठीच वाटतं.

वाचणाऱ्याला वाटेल, काकांना मुलगी नसावी, म्हणून हा छंद. मलाही तसंच वाटलं होतं. तेव्हा मी हळव्या कथा फार वाचायची. तर तसं काही नाही. त्यांना चांगल्या तीन मुली होत्या, तिन्ही सासरी सुखात. तिघींची नावं काकूंनी ठेवलेली.

"एक बी वेल नाई तेच्यात," काकू भाकरी थापता थापता सांगायच्या. "याईच्या हाती देल्ली असती तं एखादी पोट्टी कारली झाली असती. माह्या घरात म्या चालू देल्लं नाई. गावावर काय करायचं थे करा म्हटलं."

मार्चमध्ये मला मुलगी झाली. नाव ठेवायचं ते आत्यानं, अशी आमच्याकडची रीत, आणि तिची आत्या म्हणजे माझी नणंद सुरतेला. ती राखीला येणार, तेव्हा बारसं करू असं ठरलं. तोवर पोरीला सगळे नुसतं बाळी म्हणायचे. आत्या कानात सांगणार ते नाव अर्थातच मी ठरवणार होते. आत्याला ते कळायचं बाकी होतं.

एका दुपारी मी काकांकडे वही मागितली. पानं उलटता उलटता एका नावावर बोट थांबलं. आयव्ही.

काय नाव होतं ते. तीन अक्षरं, इंग्रजी, स्वच्छ इस्त्री केल्यासारखं. माझ्या कॉलेजात असं नाव असलेली एक मुलगी होती, तिच्याकडे लेडीज सायकल होती. माझी मुलगी त्या नावानं सायकलवर बसलेलीच मला दिसायला लागली.

"हे हवंय," मी म्हटलं.

"थे गेलं बाई. सा वर्सं झाले." काकांनी पुढचा रकाना दाखवला. आमच्याकडे निंदायला येणारी जी बाई होती, विहाराच्या मागच्या वस्तीतली, तिच्या मुलीला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ही मुलगी सातव्या महिन्यातच झाली. मुठीएवढी. सरकारी दवाखान्यात तेव्हा केरळकडची एक नर्स होती, तिनं कापसात गुंडाळून, थेंबाथेंबानं दूध पाजून, महिनाभर आपल्या खोलीत ठेवून जगवली. त्या नर्सचंच नाव आयव्ही. काकांनी अर्थ विचारला, तर ती म्हणाली, वेल आहे, तिला मांडव लागत नाही, आपल्याच पायांनी भिंतीवर चढते. "त्या घराले अंगन नाई, बाई. येक भिंत हाय फकत. म्हनून थे नाव." नर्सची बदली झाल्यावर तिनं एका थंड हवेच्या गावाहून रोप पाठवलं. आमच्या उन्हात ते महिनाभरात वाळलं.

"मग तुमचा नियम?" मी खोडसाळपणे विचारलं.

"वेल नाई जगली, पोट्टी जगली," काका म्हणाले. "झालं की."

आता यावर माझ्यासारख्या शिकलेल्या बाईनं काय करावं? गप्प बसावं. मी काय केलं ते सांगते, आणि आज चाळिशी उलटलेली माझी मुलगी हे वाचणार आहे, हे माहीत असून सांगते.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पहिलीत नावं घालायचं काम माझ्याकडे होतं. त्या काळी आम्हा मास्तरांचा थाट विचारू नका. पालकांना जन्मतारीख ठाऊक नसली की आम्ही एक जून ठोकून द्यायचो. अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. नाव आवडलं नाही तर तेही बदलायचो. कुणी अडवत नसे. पटावर चढलं की ते जन्माचं.

ती बाई मुलीचा हात धरून आली. "जय भीम, बाई. हिले घालाचं हाय शाळेत."

"नाव?"

"आयव्ही."

"शाळेत असं नाव चालत नाही," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की क्षणभर मलाच ते खरं वाटलं. "पुढं सर्टिफिकेटला त्रास होतो."

"नाई चालत काय?" ती घाबरली. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत उभी राहिली. "नर्सबाईचं होतं थे. मंग तुमी म्हनसान तसं बाई. तुमी शिकेल हा."

मी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, लता. वेलच की, मी स्वतःला सांगितलं. साधी, मराठी, तिच्या घराला शोभेल अशी. हे शेवटचं मी मनात म्हटलं होतं. ते लिहून ठेवते, म्हणजे सुटायला जागा नको. काकांच्या नियमानं एक नाव एकीचं. पटावर ते राहिलं नाही, म्हणजे मोकळं झालं. राखीपर्यंत दोन महिने होते.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली. लता म्हटल्यावर कुणी ओ देईना. मी त्या मुलीकडे पाहिलं. दोन घट्ट वेण्या, मोठे डोळे, पाटी पोटाशी धरलेली.

"लता म्हणजे तूच. आजपासून शाळेत तुझं नाव लता."

"नाई बाई," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "मी आयव्ही हाय. लता दुसरी असन."

मी तीन दिवस सांगितलं. ती तीन दिवस नाही म्हणाली. चौथ्या दिवशी माझा पारा चढला आणि मी लतापुढं गैरहजेरीची फुली मारली. मुलगी समोर बसलेली, पाटीवर ग म भ न गिरवणारी, आणि पटावर गैरहजर. एकदा फुली मारल्यावर दुसऱ्या दिवशी न मारणं म्हणजे हार. माझ्या तोऱ्याला हार परवडत नव्हती. आणि गैरहजेरी अशीच वाढत गेली तर वर्षअखेरीला नाव पटावरून कमी होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

हजेरीच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी काका ओट्यावर बसले होते. मी बाळीला घेऊन बाहेर आले.

"बाई, शाळेत लता कोन हाय?"

"तुमची आयव्ही. शाळेत तेच नाव बरं."

"कोनाले बरं?"

मी सर्टिफिकेटचं पुराण सुरू केलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, बाळीच्या मुठीत आपलं बोट दिलं, आणि म्हणाले, "मंग आयव्ही मोकळी झाली म्हना आता."

मी बाळीचं दुपटं सारखं केलं. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. खोली सोडा म्हणाले नाहीत. माझ्या नवऱ्याला सांगितलं नाही. मी शाळेत जाताना बाळीला काकूंकडे सोपवायची, ते तसंच चालू राहिलं. दोडक्याची भाजी रोज वाटीभर येत राहिली, आणि मी ती निर्लज्जासारखी खात राहिले.

फक्त, वर्गातली कुरबुर पोरांकडून कळली असावी, फुली मारायला लागले त्या सोमवारी काका शाळेत आले. वर्गाच्या खिडकीबाहेर हातपंप होता, त्याच्या ओट्यावर बसले. मी हजेरी घेतली. माझी झाल्यावर काकांनी निळी वही उघडली, खिडकीतून पाहिलं, कानामागची पेन्सिल काढली, काहीतरी टिपलं आणि मळ्यावर निघून गेले. मंगळवारी आले. बुधवारी आले. पावसात पोतं पांघरून आले. बाजेवर काकड्या तशाच टाकून यायचे. त्या वेळात कितीक नावं हायवेनं निघून गेली असतील.

मी एकदा पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन डोकावले. पानाच्या वर लिहिलं होतं, आयव्ही. खाली तारखा. प्रत्येक तारखेपुढं, हजर. अक्षर चौथी पास माणसाचं, पण असं ठळक की पुसायला रबर कमी पडावं. भांडायला आलेला माणूस मला चालला असता. भांडणात मी हुशार होते. हा माणूस माझ्याशी भांडतच नव्हता. तो रोज येऊन एक काडी खोचून जात होता.

इकडे वर्गात वेगळंच चाललेलं. रोज एका मुलीचं नाव पुकारतात आणि ती येत नाही, याची पोरांना काळजी लागली. लताला ताप आहे, असं एकजण सांगे. लता मामाच्या गावाला गेली. लताला बापानं मारलं. सगळ्यात जास्त काळजी आयव्हीला. तिनं बसायच्या पट्टीवर आपल्या शेजारी वीतभर जागा सोडली आणि कुणी सरकलं की ढकलायची. "लता आली तं कुठी बसन मंग?"

मी हे बघत होते आणि तरी फुली मारत होते. आज मला त्या तेवीस वर्षांच्या बाईच्या एक ठेवून द्यावीशी वाटते. पण ती ऐकणारी नव्हतीच. तिला मारून उपयोग झाला नसता.

राखीला आठ दिवस राहिले आणि शिक्षण खात्याचे साहेब आले. न सांगता, स्कूटरवर. पट मागितला. माझ्या वर्गात आले आणि डोकी मोजली.

"पटावर पस्तीस. आज हजर चौतीस, गैरहजर एक. बरोबर?"

"हो सर."

"मग डोकी पस्तीस कशी?"

त्यांनी पुन्हा मोजली. पुन्हा पस्तीस. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली. मग वैतागून म्हणाले, "जो गैरहजर असेल त्यानं हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. मागून एक आवाज आला, "साहेब, लता नाई आली."

"कुठं राहते ती?"

"मालूम नाई. आमी पाह्यलीच नाई तिले."

साहेबांनी पटावरून बोट फिरवलं. जून संपल्यापासून लतापुढं फुल्याच फुल्या. मग ते पोरांना एकेकाला नाव विचारत आले आणि त्या मुलीपाशी थांबले. "तुझं?"

"आयव्ही."

हे नाव पटावर कुठंच नव्हतं. साहेब माझ्याकडे वळले. माझ्या हातातला खडू ओला झाला होता. आणि नेमक्या त्याच वेळी हातपंपाच्या ओट्यावरून काका उठले आणि दारात येऊन उभे राहिले. बगलेत वही.

संपलं, मला वाटलं. त्या वहीत माझी नोकरी जाईल इतका पुरावा होता. दोन महिन्यांच्या तारखा, ओळीनं.

काकांनी उपरणं काढून हात जोडले. "साहेब, गावात पोट्टींचे नावं मी ठेवतो. हिचे दोन नावं चालते, घरी येक न् बाहेर येक. म्या बाईले बराबर सांगतलं नाई. बाई नव्या हायेत. चूक माही हाय."

जो माणूस एका शब्दासाठी दोन मुलखांचे साक्षीदार गोळा करायचा, तो माझ्यासाठी भर वर्गात खोटं बोलत होता. आणि वाईट बोलत होता, सवय नव्हती. कान लाल झाले होते त्यांचे.

साहेबांनी मला विचारलं, "असं आहे का, बाई?"

नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. मुलगी दोन नावांची ठरली असती, माझी नोकरी शाबूत राहिली असती, आणि सायकलवरची आयव्ही मला मिळाली असती. मी त्या मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे नाही, काकांकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून. तिला ठाऊक होतं की आपलं नाव एकच आहे. हा मोठा माणूस आज चुकीचं का सांगतोय, हे तिला कळत नव्हतं.

"नाही सर," मी म्हटलं. "ते खोटं बोलताहेत. तिच्या आईनं आयव्हीच सांगितलं होतं. मला ते नाव माझ्या मुलीला हवं होतं, म्हणून मी दुसरं लिहिलं."

एवढं बोलायला मला दोन महिने लागले होते.

साहेबांनी मला ऑफिसात नेऊन तेच कागदावर लिहून घेतलं. सेवापुस्तकात ताकीद चढली. ती निवृत्तीपर्यंत माझ्याबरोबर आली. पटावरचं नाव लाल शाईनं दुरुस्त झालं, खाली त्यांची सही. मग प्रश्न आला तो हजेरीचा. मुलगी आली होती हे सगळं गाव सांगत होतं, पण कोणत्या दिवशी आली आणि कोणत्या दिवशी नाही, याची नोंद कुणाकडे? काकांनी वही टेबलावर ठेवली.

साहेबांनी पानं उलटली. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "यावरून उतरवून घ्या."

एका भाजीवाल्याच्या वहीवरून मी सरकारी हजेरी उतरवली. काका समोर बसून तारखा वाचत होते, मी लिहीत होते. हजर, हजर, हजर. मध्येच ते म्हणाले, "गैरहजर."

मी वर पाहिलं. "असू द्या की काका, एक दिवस. हजरच मांडते."

"काऊन? ताप होता तिले त्या दिवशी. नाई आल्ती."

मी गैरहजर लिहिलं. त्या दोन महिन्यांत त्या पानावर मी मारलेली एकमेव खरी फुली.

घरी परत येताना रस्त्यानं आम्ही दोघंच होतो. माफी कशी मागायची हे माझ्या बी.एस्सी.त नव्हतं. मी भलतंच विचारलं, "काका, लता नाव तुमच्या वहीत आहे का?"

"नाई. दोन डाव सांगतलं लोकाईनं, पन म्या लिवलं नाई."

"का? साधं वाटलं?"

"साधं नाई बाई. थे कोन्या येका वेलीचं नाई ना. सगळ्याईचं हाय." ते थोडं चालले. "ज्या पोरीची वेल कोनती निघते थे अजून कोनालेच समजलं नाई, तिच्यासाठी चांगलं हाय थे. पन मले कोनी तसं घर दावलंच नाई. सगळ्याईले आदीच मालूम असते, आपली पोरगी काय होनार हाय."

मी बाळीला काकूंकडून घेतलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या अंगावर कुठलीही सायकल न चढवता तिच्याकडे पाहिलं. ती जांभई देत होती.

राखीच्या दुसऱ्या दिवशी बारसं झालं. मी जाऊन निंदणाऱ्या बाईला आणि तिच्या मुलीला बोलावलं. ती बाई आधी नको नको म्हणाली. मग धुतलेलं लुगडं नेसून आली आणि दाराशीच बसली. मी तिला आत, पाळण्यापाशी बसवलं. नणंदेच्या कपाळाला आठी पडली. काकूंनी ती पाहिली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "सरका जराशा, आत्याबाई. पाव्हन्याले जागा द्या."

नणंदेनं मला बाजूला ओढून विचारलं, "नाव काय सांगू कानात?"

"लता."

"एवढी शिकलीस आणि लता?"

"तेवढंच शिकले," मी म्हटलं.

तिनं पाळण्यात वाकून नाव घेतलं, बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. गडबड ओसरल्यावर आयव्ही उठून पाळण्यापाशी गेली. दोन्ही हातांनी कडा धरून, टाचा उंचावून तिनं आत बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. बाळानं तिच्याकडे बघून हात-पाय झाडले.

"हे लता हाय काय?" तिनं मला विचारलं.

"हो."

"लय लहान हाय." तिच्या आवाजात नाराजी होती, पण सुटका झाल्यासारखीही. मग ती दाराशी गेली. बाहेर ओट्यावर पुरुषमंडळीत काका बसले होते, हातात घुगऱ्यांचा द्रोण.

"काका," ती म्हणाली, "लता आली. मांडा."

काकांनी द्रोण खाली ठेवला, उपरण्याला हात पुसले आणि कानामागची पेन्सिल काढली.